"तुम्ही डॉक्टरांच्या, का आमच्या?" : ऑपरेशनला नाही म्हणणाऱ्या एका हमालाचं प्रकरण

केस पेपरच्या पाठीमागे निवासी डॉक्टरांनी उभ्या उभ्या खरडलेली एक ओळ होती : 'पेशंट ऑपरेशनला तयार नाही. समुपदेशन करून संमती घ्यावी.' खाली सही आणि वेळ, सकाळी ९.४०. आमच्या विभागात दिवसाला अशा पाच-सात चिठ्ठ्या येतात. मी वाचली आणि मनात अर्थ लावला : एक सही कमी पडतेय, ती आणून द्यायची आहे. पुढच्या आठ दिवसांत जे बिघडलं त्याचं मूळ या अर्थात आहे, म्हणून ती ओळ आधी सांगितली.

मी पुण्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. पाटीवर तसं लिहिलंय. वॉर्डात मला 'सोशलवाल्या मॅडम' म्हणतात. या प्रकरणातल्या माणसाचं नाव देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. सिस्टरपासून सफाई कामगारांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत, मीही तेच म्हणते. आमच्या पाठ्यपुस्तकांत अशा माणसाला 'सेवार्थी' म्हणतात. तो शब्द मी परीक्षेत भरपूर लिहिला, नंतर कधी तोंडातून निघाला नाही.

मामांचं वय ५४. मार्केट यार्डात हमाल, एकाच टोळीत ३७ वर्षं. मधुमेह नऊ वर्षांपासून, गोळ्या 'जमतील तशा'. उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलेलं, तळव्याला जखम, जखमेला वास. चपलेतून खिळा घुसला होता. कधी घुसला ते त्यांना सांगता येईना, कारण मधुमेहाने तळव्याची जाणीवच गेली होती. रात्री चप्पल काढली तेव्हा रक्त दिसलं. मग हळद, मग विडीची राख, मग गल्लीतल्या डॉक्टरची दोन इंजेक्शनं, असे १९ दिवस गेले, आणि शेवटी मामा स्वतः सायकल मारत ओपीडीला आले. चालताना पाय लटपटतो, सायकलवर नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी मामी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. मुलीचं लग्न झालेलं. मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला.

सर्जनचं म्हणणं असं की दोन बोटं आणि पावलाचा काही भाग काढावा लागेल. डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह बघायच्या तपासणीत, घोट्याखालचा रक्तपुरवठा कमी दिसत होता, त्यामुळे तेवढ्यावर जखम भरेलच याची खात्री नाही. संसर्ग वर चढला तर गुडघ्याखाली कापावं लागेल. सुकं गँगरीन थोडे दिवस दम धरतं, ओलं धरत नाही, विष रक्तात भिनतं. मामांचं ओलं व्हायला लागलं होतं.

चार मिनिटांची भेट

मी कॉट नंबर १७च्या पायथ्याशी उभी राहिले. हातात त्यांची फाईल. नाव विचारलं, जे फाईलवर होतंच. शुगरमुळे काय होतं ते सांगितलं, पाय गेला तरी माणूस उभा राहतो हे सांगितलं, कृत्रिम पायाबद्दल सांगितलं. मग विचारलं, "मामा, पाय मोठा का जीव मोठा?" हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, आणि ते ऐकणाऱ्याला पहिल्या झटक्यात कळतं.

"सही पाहिजे ना?" मामा म्हणाले.

"अहो, तुमच्याच भल्यासाठी..."

"सही पाहिजे का अंगठा?"

आणि त्यांनी टॉवेल तोंडावर ओढला. मी खाली येऊन रजिस्टरात लिहिलं : 'रुग्ण सहकार्य करत नाही.' हे वाक्य आमच्या रजिस्टरांत इतक्यांदा येतं की त्याचा शिक्काच करून घ्यावा. कुणाशी सहकार्य, कशात, त्याला काय विचारलं होतं, यातलं काही त्यात नसतं.

संध्याकाळी भेटीचं प्रोसेस रेकॉर्डिंग लिहिलं, म्हणजे कोण काय बोललं ते आठवेल तसं, शब्दाला शब्द. एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी करत असताना, त्याचा कंटाळा यायचा. आता महिन्याला एक-दोन अवघड भेटींचं तरी लिहितेच. आमच्या वरिष्ठ बाईंनी ते वाचलं. कडेला पेन्सिलने आकडे मांडले : माझी वाक्यं २३, मामांची २. बाकी काही बोलल्या नाहीत, चहा मागवला.

इथे थोडं विषयांतर करते. आमच्या पदाचा जन्मच अशा निरोप्याच्या कामातून झालाय. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात मेरी स्ट्युअर्ट नावाच्या बाईंना पहिली अल्मनर, म्हणजे रुग्णालयातली समाजसेविका, म्हणून नेमलं. ऐपत असून फुकट औषध कोण घेतंय ते हुडकणं, हे त्यांच्या मुख्य कामांपैकी एक. आपल्याकडे १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. आज आम्ही रेशन कार्डाचा रंग बघून बिलं माफ करतो, योजनेचे कागद पुरे करतो, बेवारस रुग्णांची सोय लावतो. पण आम्ही रुग्णालयाने पाठवलेलीच माणसं असतो. रुग्णाला हे पक्कं ठाऊक असतं. आम्हीच विसरतो.

सायकल

दुसऱ्या दिवशी मी ड्रेसिंगच्या वेळी गेले. फाईल खाली ठेवून. स्टूल घेऊन उशाशी बसले, काही विचारलं नाही. गॉज सुटताना येणारा तो वास नवीन माणसाला सोसत नाही. शेजारच्या कॉटवरच्या रुग्णाच्या बायकोने नाकाला पदर लावला. मामा तिच्याकडे बघत होते, पायाकडे नाही. ड्रेसिंग झाल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तुमाला हितलं कोन वळखतं का? गेटवरचं?"

"ओळखतात की."

"सायकल हाय माझी. पार्किंगात. रोजचं पैसं चढत असतील."

खिशातून घडी घातलेली पावती काढून दिली. तीन दिवसांची पावती आणि वर 'सायकल हरवल्यास जबाबदार नाही'. मी खाली गेले, पार्किंगच्या पोराशी हुज्जत घालून पैसे अर्ध्यावर आणले, सायकल ढकलत आमच्या विभागामागे आणून लावली. जुनी काळी, दांडीला सुतळी गुंडाळलेली, कॅरियरवर पोत्याचा तुकडा. चेन उतरलेली. दुपारी वर जाऊन सांगितलं, "सायकल आमच्या ऑफिसमागे आहे, किल्ली ही घ्या. चेन उतरलीय."

"ती उतरतीच," मामा म्हणाले. "दोन दात गेलेत."

एवढंच. पण हे बोलताना त्यांनी टॉवेल तोंडावरून काढला होता.

केसवर्क, म्हणजे एकेका माणसाबरोबर करायचं समाजकार्य, शिकवताना फेलिक्स बीस्टेक या अमेरिकन धर्मगुरूची १९५७ सालची सात तत्त्वं पाठ करून घेतात : प्रत्येकाला वेगळी व्यक्ती म्हणून पाहणं, स्वीकार, दोष न देणं, स्वयंनिर्णय, गोपनीयता वगैरे. ती खरी आहेत. पण पहिल्या भेटीत माझ्या तोंडी ही सगळी तत्त्वं होती आणि काम पुढे सरकलं नाही. दुसऱ्या दिवशी एकही नव्हतं, फक्त एका पावतीचं काम मी त्याच दिवशी केलं. उद्यावर टाकलं असतं तर? वॉर्डात 'बघते हं' म्हणणारे रोज दहा येऊन जातात.

प्रश्न

तिसऱ्या दिवशी मी बसायच्या आत मामांनी विचारलं, "एक सांगा. तुमी डॉक्टरांच्या, का आमच्या?"

तोंडावर आलं होतं, 'अहो, तुमचीच'. रुग्णाशी जवळीक करायची सवय झाली की हे उत्तर आपोआप येतं. पण ते खोटं होतं. मी म्हटलं, "पगार सरकार देतं. मला डॉक्टरांनी पाठवलंय. तुमची सही आणली तर त्यांचं काम होईल, माझ्याही रजिस्टरात बरं दिसेल. पण पाय तुमचा आहे, नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे. नाही म्हणालात तर मी तसं लिहीन. आणि उद्या परत येईन, कारण माझ्या मते तुम्ही चुकताय."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चुकतोय कशावरनं? तुमाला काय म्हाईत?"

"काहीच नाही. तुम्ही सांगितलं नाहीत."

त्या दिवशी त्यांनी कारण सांगितलं नाही. पण विचारलं, की नाही कापला तर किती दिवस. मी म्हटलं, हे मला कळत नाही, डॉक्टरांना आणते. निवासी डॉक्टर पोरगेलेसे होते, ३६ तास ड्युटीवर, डोळे तांबारलेले. त्यांना मी एकच विनंती केली : दहा मिनिटं, आणि उभं राहून नाही. ते कॉटच्या कडेला बसले, तापाच्या तक्त्यामागे पावलाचं चित्र काढलं, रक्त कुठपर्यंत पोचतं तिथे रेघ मारली. मामांचा पहिला प्रश्न होता, "गुडघा राहतो का?" डॉक्टर म्हणाले, आज राहतो. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालणं पुष्कळ सोपं जातं, तो गेला की दर पावलाला जास्त दम लागतो. मामांनी मान हलवली. पोतं उचलताना सगळा भार कुठे येतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवशी ते जखम उघडून पू काढायला तयार झाले. कापायला नाही.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मुलगा अठराच्या वर आहे ना? त्याची सही घेऊ. ताप चढला की हे बरळायला लागतील, मग विचारणार कुणाला?" यात दुष्टपणा नव्हता. त्यांनी याच वॉर्डात असाच एक रुग्ण गेल्या महिन्यात गमावला होता. पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाच्या संमतीची जागा नातेवाइकाची सही घेऊ शकत नाही. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, तिथे सही आईची होती. मी तसं म्हटल्यावर ते वैतागले. "मग आणा तुम्ही. तुमच्या गप्पा संपेपर्यंत पाय थांबणार नाहीये." त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही, कारण ते बरोबर होतं.

मानेवरचा वळ

चौथ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा मुलगा आला होता. वडिलांना वर सरकवून बसवायचं म्हणून तो वाकला, त्यांचे हात आपल्या गळ्यात घेतले. वाकताना त्याच्या शर्टाची कॉलर मागे सरकली. मानेच्या खाली, जिथे पाठ सुरू होते तिथे, चार बोटं रुंदीचा लाल पट्टा होता. कातडी सोललेली, मधे बारीक पाणी सुटलेलं. मामांचा हात तिथेच होता. त्यांनी अंगठ्याने त्या जागेच्या कडेकडेने हळूच चाचपलं, दुकानदार कापडाचा पोत बघतो तसं. मुलगा चटकन सरळ झाला, कॉलर वर ओढली. कुणीच काही बोललं नाही. मुलगा थोड्या वेळाने क्लासला जातो म्हणून गेला.

मला त्या वळाचा अर्थ कळला नव्हता. मी विचारलं, "काय झालंय त्याला?"

"पोतं," मामा म्हणाले. आणि मग ते बोलले, अर्धा तास, छताकडे बघत.

मामांचे वडीलही हमाल. तेव्हा पोती शंभर किलोची असायची, पन्नासची मर्यादा फार पुढची. मामा अकरावीला असताना वडील फळीवरून पोत्यासकट पडले, कंबर गेली. टोळीत बापाची जागा पोराला मिळायची रीत आहे. वाईट हेतूने नाही, घर उघड्यावर पडू नये म्हणून. आठ दिवसांत मामा त्या जागेवर उभे होते. माथाडी कायदा १९६९चा, त्यामुळे त्यांच्या वेळेला मंडळ होतं, मजुरी मंडळामार्फत, फंड, ग्रॅच्युइटी. जागेला किंमत आली होती. म्हणून तर ती सुटली नाही.

"आत्ता मी आजारी हाय," मामा म्हणाले. "आजारी हाय तवर जागा माझी. माझ्या जागी बदली लावलाय. पाय कापला की मी टोळीतनं गेलो. जागा रिकामी. मंग कोन हुबा राहील तितं? मुकादम चांगला मानूस हाय. तो येऊन म्हनंल, पोराला पाठवा. हिला वाटंल बरं झालं. पोरगं पन नाय म्हननार नाय."

आणि पोरगं आधीच जाऊ लागलं होतं. तो बदली म्हणजे तोच होता. हे मामांना त्या दुपारी अंगठ्याला कळलं.

म्हणजे माणूस हट्टी नव्हता, अडाणी नव्हता, मरणाला घाबरत नव्हता की मृत्यूची आस धरून नव्हता. या चारही गोष्टी वॉर्डात त्यांच्याबद्दल बोलल्या गेल्या होत्या. त्यांच्या नकाराला साधा हिशोब होता : जितके दिवस पाय आहे तितके दिवस जागा अडवून धरायची, तोवर पोराचं वर्ष पुरं होईल. हिशोबात एकच आकडा चुकत होता, त्यांच्या हातात उरलेल्या दिवसांचा.

मी केलेली चूक

पाचव्या दिवशी मामी मला जिन्यात भेटल्या. रडवेल्या, चार घरची कामं उरकून आलेल्या. म्हणाल्या, "काय बोलत न्हाईत ओ ते. काय झालंय त्यांना?" मी सांगून टाकलं. सगळं नाही, पण पुरेसं : मुलाला यार्डात जावं लागेल म्हणून ते नाही म्हणतायत.

सांगताना मला बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण इथे तेच महत्त्वाचं आहे. कुणाला न सापडलेलं कारण मला सापडलं होतं आणि ते कुणाला तरी दाखवायचं होतं.

मामी तरातरा आत गेल्या आणि भर वॉर्डात, भेटीच्या वेळेत, शेजारच्या चार कॉटना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोराच्या नावानं मरायला निघालाय व्हय?" मुलगा तिथेच होता. तो म्हणाला, "मी जातोच आहे. आठवडा झाला. कोणाला विचारायचं होतं?" मामांनी त्याला शिवी दिली, आयुष्यात पहिल्यांदा, असं मामी नंतर म्हणाल्या. मी दारात पोचले तेव्हा मामांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

"तुमाला सांगितलं म्हंजे यार्डात भोंगाच लावला," एवढं भिंतीकडे बघत म्हणाले.

त्याच रात्री ताप १०२ वर गेला. सकाळी घोट्यापर्यंत कातडी निळसर झाली होती.

गोपनीयतेला अपवाद असतात. जिवाला धोका असेल तर जवळच्यांना सांगावं लागतं, हे मान्य. पण मी तसं तोलून सांगितलं नव्हतं. तोलायचं असतं तर आधी मामांनाच विचारता आलं असतं, 'मामींशी बोलू का?' ते नाही म्हणाले असते तर मग अपवादाचा विचार. एका प्रश्नाचं काम होतं, आणि ते मी जिन्यात गमावलं.

सहाव्या दिवशी मी गेले, स्टूलवर बसले आणि काय केलं ते सांगितलं. "तुम्ही मला विश्वासाने सांगितलं, मी तुम्हाला न विचारता मामींना सांगितलं. चूक झाली. माफ करा." 'तुमच्या भल्यासाठी' जिभेच्या टोकावर होतं, ते गिळलं. मामांनी वळून पाहिलं नाही. मी वीस मिनिटं बसले आणि उठले. संध्याकाळी परत गेले.

"आता कुनाकुनाला सांगनार हाये?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल तेवढ्यांना."

मी वही काढली. मामांनी एकेक नाव घेतलं. डॉक्टरांना काय सांगायचं : सगळं. मामीला : आधी मला विचारून. पोराला : काही नाही, मी बोलीन. मुकादमाला : बोलवा त्याला हितं. हे मी त्यांच्यासमोर लिहिलं, वाचून दाखवलं. एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली असं मांडलं की मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात : ध्येय, करायची कामं आणि बंध. आमच्यात बंध तुटल्यावर कामं ठरली आणि कामांतून बंध परत आला. ध्येय मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं होतं. माझं ध्येय पाय, त्यांचं जागा. सहाव्या दिवशी मी त्यांचं ध्येय धरलं.

टोळी

सातव्या दिवशी, गाड्या खाली झाल्यावर, मुकादम आणि दोघे जण आले. तिघांच्या अंगावर कांद्याच्या टरफलांचा चुरा, एकाच्या कमरेला पोत्याचा लोखंडी आकडा, जो सिस्टरने दारातच काढून ठेवायला लावला. भेटीची वेळ संपली होती. मी सिस्टरची मिनतवारी केली. ते दोन कॉटच्या मधे फरशीवर बसले, मी बाहेर जायला निघाले तर मामा म्हणाले, "बसा. तुमीबी ऐका."

मला वाटलं होतं जागेबद्दल मोठी चर्चा होईल. पाच मिनिटं झाली. मुकादम म्हणाला, तुम्ही सांगत नाही तोवर जागेवर बदलीच राहील, आणि तो बदली उद्यापासून तुमचं पोरगं नसेल. डिप्लोमा झाल्यावर त्याचं तो ठरवील. उरलेली चाळीस मिनिटं ते एका व्यापाऱ्याकडच्या वाराईच्या, म्हणजे माल उतरवायच्या मजुरीच्या, थकबाकीबद्दल बोलत होते. मामा उठून बसले होते, मधेच हसलेही.

निघताना मी म्हटलं, जागेचं ठरलं ते कागदावर लिहून घेऊ का? तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मामा म्हणाले, "टोळीत बोल्लं की लिवलं." मला अजूनही तो कागद हवा होता. पण कागद माझ्या समाधानासाठी होता, हे खरं.

आठव्या दिवशी संध्याकाळी मामांनी सही केली. संमतीपत्रक मी ओळ न् ओळ वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'उजव्या पायाचे विच्छेदन' इतकंच होतं. मामांनी बोट ठेवलं. "गुडघ्याच्या खाली, आसं लिवा." इंटर्नने 'गुडघ्याखाली' शब्द वर घातला आणि बाजूला सही केली. मग मामांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, जोडाक्षरं नीट काढून, अकरावीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या अक्षरात.

त्यानंतरचं

पाय गुडघ्याखाली गेला. पहिल्या दिवशी सही झाली असती तर पाऊल वाचलं असतं का? मी सर्जनना विचारलं. एक म्हणाले, डॉप्लर बघता शेवटी इथेच आलो असतो. दुसरे म्हणाले, सांगता येत नाही, आठ दिवस हे आठ दिवस असतात. दोघांचं मी लिहून ठेवलंय. यातलं एक निवडून मला झोप लागावी अशी इच्छा होते, पण निवडत नाही. एक गोष्ट मात्र माझ्या खात्यावर आहे : पहिला दिवस मी वाया घालवला आणि पाचव्या दिवशी जिन्यात बोलले. ते दोन दिवस मामांच्या नकाराच्या नावावर टाकता येत नाहीत.

ऑपरेशननंतर चौथ्या रात्री मामांनी सिस्टरला सांगितलं की करंगळी खाजतेय. नसलेल्या पायाची खाज. त्यांना वाटलं आपल्याला वेड लागतंय. असं पुष्कळांना होतं, मेंदूला पाय गेल्याचं उशिरा कळतं, हे आधी सांगायला हवं होतं. आम्ही सगळे सहीमागे इतके होतो की सहीनंतरचं कुणी सांगितलं नव्हतं. आता मी ते आधी सांगते.

बाकीचं नेहमीचं आणि लांबलचक. टोकाची जखम भरायला सहा आठवडे, क्रेप बँडेज गुंडाळून गुंडाळून आकार देणं, मग पायाचं माप. मामांना जयपूर फूट हवा होता, कारण त्यावर उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं. घरात बूट कोण घालणार? दिव्यांग प्रमाणपत्राला तीन खेटे, तेव्हा एसटीची सवलत. माथाडी मंडळाच्या फंडाचा अर्ज मी भरला, मुकादमाने नेऊन दिला. अडीच महिन्यांनी मी गृहभेटीला गेले. यार्डामागच्या वस्तीत एक खोली, उंबरठा इतका उंच की कुबड्या अडकायच्या. मामींनी त्याला विटा लावून उतार केला होता, कुणी न सांगता. मुलगा एका विषयात नापास झाला होता, त्या चुकलेल्या दिवसांमुळे म्हणे. रविवारी तो यार्डात जातो, हे मामींनी मला चुलीपाशी हळूच सांगितलं. मामांना माहीत आहे की नाही, मी विचारलं नाही. वहीत 'पोराला : काही नाही' असं लिहिलेलं होतं.

सायकल मुलगा घेऊन गेला. चेन नवीन बसवलीय.

पाच महिन्यांनी मामा ओपीडीच्या दिवशी आमच्या दारात आले. नवा पाय, हातात काठी, मागे टोळीतलाच एक चाळिशीचा माणूस, डाव्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. तो दारातच घुटमळत होता. मामांनी त्याला काठीने पुढे ढकललं.

"ह्याला डॉक्टरांनी न्हाय धाडलं," मामा म्हणाले. "मी आनलाय."

पिशवी सोडली. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, कधी झाली ते त्याला माहीत नव्हतं. शुगर ३८० निघाली.